चार्ट शिकवणाराच चार्ट हलवत होता

६ लाख ९८ हजार २६० रुपये. एवढी रक्कम माझी गेली. हा आकडा ऐकला की प्रत्येक जण "हाव नडली" म्हणून मोकळा होतो, म्हणून आधीच सांगते : दामदुप्पट, लॉटरी, महिन्याला दहा टक्के असलं काही मला कुणी दाखवलं नव्हतं. मी शिकायला गेले होते.

माझं सासर खानापूर-आटपाडी भागातलं, गलाईवाल्यांचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांचं. नवरा आणि दीर दक्षिणेत दुकान सांभाळतात. सोन्याचा भाव आमच्या घरात रोज बोलला जातो. २२ एप्रिल २०२५ ला सोनं जागतिक बाजारात औंसाला ३,५०० डॉलरला जाऊन आलं, आपल्याकडे तोळा लाखावर पोचला, आणि जो तो विचारायला लागला की आता पुढे काय. त्याच सुमारास टेलिग्रामवर मराठीतून सोनं आणि चलनांचं (फॉरेक्सचं) टेक्निकल अ‍ॅनालिसिस (चार्टवरून भावाचा अंदाज बांधणं) शिकवणारे एक "सर" भेटले. फी ११,८०० रुपये, जीएसटीसह. पावती कधीच मिळाली नाही. जीएसटी घेतला म्हणणाऱ्याकडे पावती मागा आणि त्यावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

शिकवणं खोटं नव्हतं, हे कुणी लक्षातच घेत नाही. कॅन्डल (चार्टवरची भावाची पट्टी) कशी वाचायची, सपोर्ट-रेझिस्टन्स कसे काढायचे, आरएसआय (भावाचा जोर मोजणारा आकडा) ३० च्या खाली आणि ७० च्या वर गेला की काय समजायचं, फिबोनाचीची ६१.८ टक्क्यांची पातळी, स्टॉपलॉस, सगळं व्यवस्थित शिकवलं. मी वह्या भरल्या. जे शिकवलं ते दुसरीकडे पडताळून पाहिलं, ते बरोबर निघालं. मग अशा माणसावर विश्वास का ठेवू नये? त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं : "ताई, माणूस खोटं बोलेल, चार्ट खोटं बोलत नाही."

चार्ट खोटं बोलतो. ज्याच्या सर्व्हरवरून चार्ट येतो त्याला वाटेल तेव्हा बोलतो.

अ‍ॅप (सौदे करायचं) त्याच्या लिंकवरून उतरवायचं होतं, प्ले स्टोअरवरून नाही. आधी ४२,५०० रुपये भरले, ८५ रुपये दराने ५०० डॉलर. त्यातून ९,३५० रुपये काढून पाहिले तर संध्याकाळपर्यंत खात्यात जमा. पैसे परत येतात की नाही हे तपासूनच पुढे गेले, आणखी काय करायचं असतं माणसाने? मग १,७०,००० भरले. प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच खात्यात. एकदा फळांच्या व्यापाऱ्याच्या नावाचं, एकदा हार्डवेअर दुकानाचं. विचारलं तर म्हणाला, "फॉरेक्सवर रिझर्व्ह बँकेची बंधनं आहेत ना ताई, म्हणून लोकल एजंट ठेवावे लागतात." ब्रोकरचे पैसे तिसऱ्याच्या खात्यात मागितले की तिथेच फोन ठेवा. कारण काय सांगतो ते ऐकूसुद्धा नका.

आता तो शनिवार. आठवला की अजून डोकं तापतं.

दुपारची वेळ. अ‍ॅप उघडलं तर सोन्याची कॅन्डल हलत होती. हिरवी, मग लाल, मग परत हिरवी. आपला वायदे बाजार, एमसीएक्स, शनिवार-रविवार बंद. न्यूयॉर्कचा आठवडा शुक्रवारी संध्याकाळी संपतो, म्हणजे आपल्याकडे शनिवारची पहाट. त्यानंतर जगात सोन्याच्या हजर (तत्काळ सौद्याच्या) भावाचा नेहमीचा बाजार थेट आपल्या सोमवारी पहाटे उघडतो. हे याच माणसाने मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आणि तरी माझ्यासमोर शनिवारी दुपारी भाव चालत होता. मी लगेच मेसेज केला. उत्तर आलं : "दुबईचं सोनं आहे ताई, तिकडे शनिवारी दुकानं उघडी असतात." गलाईवाल्यांच्या घरात दुबईचं सोनं हा परका शब्द नाही, आणि काही ब्रोकर सुट्टीच्या दिवशीही आपला भाव दाखवतात असं वाचलेलं होतं. उत्तर पटण्यासारखं होतं. पटावं म्हणूनच बनवलेलं होतं. त्यात माझा ०.५० लॉटचा सौदा चालू होता, म्हणजे ५० औंस. भाव २२ डॉलर चढला, खात्यात १,१०० डॉलरचा नफा दिसला.

दुसऱ्या कुठल्याही साइटवर सोन्याचा चार्ट त्या क्षणी उघडला असता तर तिथे भाव शुक्रवारच्या आकड्यावर थिजलेला दिसला असता. घरात आलेलं सोनं आम्ही कसाला लावल्याशिवाय घेत नाही, आणि भाव मात्र कसाला लावला नाही. त्या दिवशी थांबले असते तर २,१४,९५० रुपयांवर निभावलं असतं. त्याऐवजी पुढच्याच आठवड्यात साडेपाच तोळ्यांच्या पाटल्या आणि गंठण गहाण ठेवून ३,४०,००० भरले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. खात्यात ११,२४० डॉलर, काढायला गेले तर आधी पंधरा टक्के टॅक्स : १,४३,३१० रुपये. भरले. मग "खाते पडताळणी"चे ८६,०००. ते भरले नाहीत, आणि त्या रात्री सर, ग्रुप, अ‍ॅप सगळं गायब. भारतात नफ्यावरचा कर प्राप्तिकर विभागाला भरतात, ब्रोकरला आगाऊ नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पैसे गेल्याबरोबर पहिल्या तासाभरात हा फोन करा, घरात कुणाला सांगायचं याचा विचार नंतर. मग पोलीस ठाणं. पहिला प्रश्न : "मॅडम, तुम्हीच पाठवलेत ना?" दुसरा : "नवऱ्याला माहीत होतं का?" याचा गुन्ह्याशी काय संबंध? खातं परराज्यातलं, तिकडे जा म्हणाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावीच लागते, हे मी वाचून गेले होते. ते सांगितल्यावर साहेब चिडले. वर धमकी : "बेकायदा फॉरेक्स केलंय, फेमाखाली तुमच्यावरच केस होईल." फेमा हा परकीय चलनाचा कायदा खरा आहे. परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मवर सौदे करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते, असं रिझर्व्ह बँक स्वतः सांगते. पण त्या भीतीने लुबाडलेली माणसं तोंड बंद ठेवतात आणि चोराला रान मोकळं मिळतं, हे त्या खुर्चीत बसलेल्याला कळत नाही का? बँकेने एका ओळीत हात वर केले : व्यवहार ओटीपीने झालेला आहे. ज्या बँकेने फळविक्रेत्याच्या नावाचं खातं उघडून दिलं आणि त्यातून लाखो रुपये फिरू दिले, तिला कुणी काहीच विचारत नाही. नियम सगळे माझ्यासाठी, त्यांच्यासाठी एकही नाही.

आणि रिझर्व्ह बँकेची ती अलर्ट लिस्ट, परवानगी नसलेल्या फॉरेक्स प्लॅटफॉर्मची. सप्टेंबर २०२२ मध्ये ३४ नावांनी सुरू झाली, नंतर वाढत गेली. माझ्या "सरां"नी तीच लिस्ट मला उघडून दाखवली होती : "बघा, आपलं नाव नाही." यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे, हे तिथेच लिहिलेलं असतं. परवानगी असलेल्यांची यादी वेगळी आहे, ती बघा. सोन्याचे वायदे एमसीएक्सवर, सेबीकडे नोंदणी असलेल्या ब्रोकरकडून. चलनाचे वायदे फक्त मान्यताप्राप्त एक्सचेंजवर, आणि तेही प्रत्यक्ष परकीय चलनाचं देणं-घेणं असेल तरच. परदेशी ब्रोकरला मार्जिनचे (सौद्यासाठी आधी ठेवायचे) पैसे पाठवणं रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेतही बसत नाही. एजंट, क्रिप्टो, कुठल्याही वाटेने नाही.

आत्तापर्यंत एका खात्यात ६१,४०० रुपये गोठवलेले सापडलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागतो, अर्ज केला आहे. त्याच ग्रुपमध्ये आणखी लोक होते, मला नावं दिसायची. तुम्ही त्यातले असाल तर आपापल्या ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्या, बँक स्टेटमेंट आणि त्या शनिवारचे स्क्रीनशॉट जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.