हाफ इंजिन, सात महिन्यांनंतर: किट ठीक, ओ-रिंगने घात केला

कार्बोरेटरवाल्या जुन्या स्प्लेंडरचं हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं काम, करून सात महिने झाले. ब्लॉक, पिस्टन, रिंगांचं किट नवं, टायमिंग चेन नवी. व्हॉल्व्ह सीटवर घोटून (घासून) बसवलेले. पहिल्या ३०० किलोमीटरनंतर किट भंगार आहे असंच मत झालं होतं. ते आता मागे घेतो, पण पूर्ण नाही.

इंजिन थंड असताना चोकवर गाडी बरी चाले. तापली की स्लो रेस धरेना. ॲक्सिलेटर सोडला तरी रेस खाली यायला वेळ लागे आणि उताराला सायलेन्सरमधून फटके येत. बेळगावजवळ काकतीच्या पुढे वंटमुरी घाटात तिसऱ्या गिअरलाही मिसिंग. प्लग काढला तर पोर्सेलिन पांढरंफटक.

कार्बोरेटर दोनदा साफ केला, दोन्ही वेळचे पैसे वाया. हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू कितीही फिरवा, रेसमध्ये फरक नाही. खरी खूण इथेच होती. प्लग पांढरा, स्क्रूला दाद नाही आणि अर्धा चोक ओढून हवा कमी केली की गाडी सुधारते, हे तिन्ही एकत्र दिसलं की बाहेरची हवा आत शिरतेय असं समजा. टायमिंग चेन एक दात चुकून बसली असती तर चोकने असा फरक पडला नसता.

चेन नवी म्हणून टायमिंग पाहिलंच. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसिंगच्या खुणेसमोर आणली, तेव्हा कॅम स्प्रॉकेटची ‘ओ’ खूण हेडच्या खाचेसमोर होती. व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर किंचित ढिले होते. ‘टी’ जुळूनही रॉकर घट्ट लागले तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. तेव्हा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत नसतो. पिस्टन रिंगेचा गॅप ब्लॉक चढवण्याआधीच मोजला होता: रिंग पिस्टनने सरळ आत ढकलून फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) घातली, ५० मिमीच्या बोअरला ०.२ मिमी. किकला दाब चांगला. म्हणजे किटमधलं लोखंड आणि अॅल्युमिनियम निर्दोष.

दोष सापडला साध्या पाण्याने. गाडी स्लोवर ठेवून कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) जोडावर बाटलीने बारीक फवारा मारला. पाण्याने भेग क्षणभर बुजली आणि रेस लगेच बदलली. या तपासणीला पेट्रोल मारू नका, सायलेन्सर तापलेला असतो.

जोड उघडला. किटमधली ओ-रिंग (जोड बंद करणारी रबरी कडी) खोबणीत ठेवून वरून बोट फिरवलं तर बोटाला रबर लागतच नव्हतं, धातूच लागत होता. अशी रिंग दाबली जाणार कशी? वर कार्बोरेटरचा फ्लँज (जोडाची सपाट बाजू) वाकलेला. गळती थांबावी म्हणून नट आवळत गेलं की फ्लँजचे बोल्टचे दोन्ही कान ओढले जातात आणि मध्ये फट पडते. फ्लँज काचेवर ठेवला तर कान टेकले, मधून ०.१ मिमीची पट्टी आरपार गेली. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं पाणी, आणि आठच्या आकड्यात फ्लँज घासला. सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत वीस मिनिटं लागली. जेट आणि फ्लोट आधी काढून ठेवा, घासलेली पूड आत गेली तर पुन्हा साफ करत बसावं लागतं.

बाजारातली जाड रिंग घातली आणि गाडी सुधारली. तेव्हाच किटला चार स्टार द्यायचे ठरवले होते. पण पावसाळा संपता संपता तेच फटके परत. रिंग फुगून खोबणीबाहेर आली होती. साधं रबर ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये टिकत नाही. शेवटी उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या सामानाच्या दुकानातून त्याच मापाची व्हायटॉनची (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची) रिंग आणली. साध्या रिंगेपेक्षा महाग, पण दोनदा कार्बोरेटर साफ करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. ६ मिमीच्या बोल्टला १० न्यूटन-मीटर पुरे.

आता प्लग विटकरी, वंटमुरी तिसऱ्यात सहज, ॲव्हरेज पुन्हा ६० च्या वर. किटला तीन स्टार. एवढा चांगला ब्लॉक बनवणाऱ्याने दहा रुपयांच्या रबरात काटकसर करावी, याचा राग अजून गेलेला नाही.

सकाळी पहिली दोन मिनिटं टॅपेटची बारीक टकटक येते, ती तशीच ठेवली आहे. व्हॉल्व्ह घोटल्यावर सीटमध्ये हळूहळू बसत जातो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. आधीच घट्ट ठेवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.