पहिले लिनक्स कोणते : मिंट, फेडोरा की उबुंटू?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ज्यांचा संगणक उत्तम चालतो, पण विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, अशा अनेकांनी लिनक्सकडे प्रथमच गंभीरपणे पाहायला सुरुवात केली. लिनक्स म्हणजे काय, ते मोफत का मिळते आणि डिस्ट्रो कशाला म्हणतात, हे वाचकाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड असतो, कारण नावे शेकड्यांनी आहेत आणि ज्याला विचारावे तो आपल्याच निवडीवर ठाम असतो. नवख्या माणसाने यादी आधी लहान करून घ्यावी. मी उबुंटू, लिनक्स मिंट आणि फेडोरा ही तीनच नावे विचारात घेतली होती. फेडोरा मी सुमारे आठ महिने रोजच्या कामासाठी वापरले, त्यानंतर आजपर्यंत मिंट वापरतो आहे आणि उबुंटूवर जेमतेम तीन आठवडे काढले. माझ्या मतांचे वजनही त्याच प्रमाणात धरावे.

उबुंटूचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपते. २००४ साली डेबियन या आधीच्या लिनक्सच्या पायावर उभे राहिलेले हे लिनक्स इतके रुळलेले आहे की, कोणतीही अडचण आली तरी ती आधी कोणाला तरी आलेली असते आणि तिचे उत्तर शोधल्यावर सापडते. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या त्याच्या एलटीएस (म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीला पाच वर्षे अपडेट्स मिळतात. पण मिंटची मुख्य आवृत्ती याच एलटीएसवर बांधलेली असल्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेली बहुतेक उत्तरे मिंटवरही लागू पडतात. म्हणजे उबुंटूचा सर्वांत मोठा फायदा मिंट निवडणाऱ्यालाही आपोआप मिळतो. उबुंटूत फायरफॉक्ससारखे काही प्रोग्राम स्नॅप या, लागणारे सगळे घटक सोबत बांधून देणाऱ्या, स्वरूपात येतात, तर मिंटने २०२० मधल्या विसाव्या आवृत्तीपासून स्नॅप मुळातच बंद ठेवले आहे. यावर पुष्कळ वाद घातला जातो; नवख्याने त्यात शिरण्याचे काही कारण नाही, निदान माझे तरी स्नॅपमुळे काही अडले नाही. ज्यांना उबुंटूचा डेस्कटॉप मनापासून आवडतो त्यांनी ते खुशाल घ्यावे. खरी निवड मला मिंट आणि फेडोरा यांच्यातच करावी लागली.

दोन्हींचा पहिला अनुभव अगदी वेगळा आहे. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, अशी विंडोजवरून येणाऱ्याच्या हाताला सवयीची मांडणी असते. फेडोराच्या मुख्य आवृत्तीत ग्नोम डेस्कटॉप येतो आणि तो ही सवय मोडायला लावतो : खिडकी लहान करण्याचे बटण सुरुवातीला दिसत नाही, डेस्कटॉपवर फाइली ठेवता येत नाहीत आणि सगळी ये-जा एका कळीने उघडणाऱ्या आढावा-पडद्यातून होते. मला ही पद्धत पहिल्या आठवड्यात खटकली आणि दुसऱ्या महिन्यापासून आवडू लागली. टचपॅडवर तीन बोटांनी एका कार्यक्षेत्रातून दुसऱ्यात सरकण्यातली ग्नोमची सफाई मला सिनॅमनमध्ये अजूनही मिळालेली नाही. केवळ दिसण्यावर आणि वागण्यावर निवड करायची असती, तर मी कदाचित फेडोरावरच राहिलो असतो.

पण निवड ठरली ती वाय-फायवरून.

माझ्या जुन्या लॅपटॉपमधल्या वाय-फाय चिपचा नीट चालणारा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, मुक्त नाही; त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला नाही. फेडोराचे धोरण असे की, मुक्त परवान्याखाली नसलेले ड्रायव्हर मूळ संचात ठेवायचेच नाहीत. या धोरणाबद्दल मला आदर आहे, कारण मुक्त सॉफ्टवेअर आज इतके सशक्त आहे ते अशा आग्रही माणसांमुळेच. पण नवख्यापुढे त्यातून एक विचित्र पेच उभा राहतो : इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही. मी फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला दिले, आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा साठा जोडला आणि तिथून ड्रायव्हर बसवला. सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअरच चालू देणारी सुरक्षा) चालू असल्यामुळे त्या ड्रायव्हरला मान्यता देण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करताना एक निळा पडदा आला. तो काही सेकंदच थांबतो आणि तेवढ्यात कळ दाबली नाही तर पुढे निघून जातो, हे मला तिसऱ्या खेपेला कळले. एकूण एक संध्याकाळ गेली. एवढ्यावर भागले असते तर मी तक्रार केली नसती, कारण नवीन गोष्ट शिकताना एक संध्याकाळ ही फार मोठी किंमत नव्हे.

खरा त्रास पुढे सुरू झाला. असा बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलसाठी, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यासाठी, नव्याने बांधावा लागतो. फेडोरा हे काम अपडेटनंतर मागच्या मागे आपोआप करते, पण ते पूर्ण होण्याआधीच संगणक पुन्हा सुरू केला, तर नवे कर्नेल येते आणि वाय-फाय जाते. थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू केले की बहुतेक वेळा ते परत येते. बहुतेक वेळा, असे म्हणतो, कारण फेडोरा एका आवृत्तीच्या आयुष्यातच कर्नेलच्या नव्या मालिका देत राहते. मुख्य कर्नेलची नवी मालिका साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि तिच्या अंतर्गत रचनेत काही बदलले असेल, तर जुना ड्रायव्हर तिच्यासाठी बांधलाच जात नाही. माझ्या आठ महिन्यांत असे दोनदा झाले. दोन्ही वेळा सुरुवातीच्या मेनूतून आधीचे कर्नेल निवडून मी काम चालवले. फेडोरा शेवटची तीन कर्नेल जपून ठेवते, हे त्याचे उपकारच. मात्र संगणकात फेडोरा एकटेच असेल, तर तो मेनू एरवी दिसत नाही. योग्य क्षणी कळ दाबावी लागते, आणि हे जाणून घ्यायला जे इंटरनेट लागते तेच गेलेले असते. दुसऱ्या वेळी मला एक काम त्याच सकाळी पाठवायचे होते. त्या दिवशी मी मिंट उतरवायला घेतले.

इथे न्यायाने सांगायला हवे की, ड्रायव्हर मिंटवरही तोच आहे आणि तोही प्रत्येक कर्नेलसाठी बांधावाच लागतो. फरक दोन ठिकाणी पडतो. एक म्हणजे, मिंट ज्या एलटीएसवर उभे आहे तिच्यात कर्नेलच्या एकाच मालिकेला दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहतात. मालिका बदलण्याचा प्रसंग येतो, पण फेडोराइतका वारंवार नाही. दुसरे म्हणजे, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरला ही अडचण आधीच ठाऊक आहे. इंटरनेट नसेल तर तो तसे सांगतो आणि ज्या पेनड्राइव्हवरून मिंट चालू केले त्याच पेनड्राइव्हमधून वाय-फायचा ड्रायव्हर बसवून देतो. माझ्या लॅपटॉपवर हे काम चहा गार होण्याआधी झाले. घड्याळ लावून मी मोजलेले नाही, पण फेडोरावरची ती संध्याकाळ आठवली की मोजण्याची गरजही वाटत नाही.

याच्या जोडीला टाइमशिफ्ट येते आणि माझ्या मते नवख्यासाठी मिंटची सर्वांत मोलाची देणगी तीच आहे. हे साधन प्रणालीच्या फाइलींची त्या क्षणाची नोंद ठेवते आणि अपडेटने काही बिघडले तर प्रणाली त्या क्षणाकडे परत नेते. आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे त्यात सुरुवातीला धरलेली नसतात. म्हणून परत जाताना ती पुसली जात नाहीत, पण त्यांचा बॅकअप वेगळा ठेवावाच लागतो. फेडोरा वर्कस्टेशन २०२० पासून बीटीआरएफएस ही फाइल-व्यवस्था वापरते आणि अशा नोंदी ठेवायला ती मुळात अधिक सक्षम आहे. परंतु त्यांचे साधन तयार बसवलेले मिळत नाही. ते निवडून, समजून घेऊन आपणच मांडावे लागते. जाणत्याला त्यात आनंद वाटेल. नवख्याला मात्र या सोयीची गरज कळते ती बहुधा ती वापरण्याची वेळ टळून गेल्यावर.

आयुर्मानाचाही विचार करावा. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिने अपडेट्स मिळतात. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठा बदल करावाच लागतो. मी तो एकदा केला आणि वाय-फाय सोडता तो निर्विघ्न पार पडला. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. आपला संगणक आईवडिलांसाठी किंवा केवळ लिहिण्या-वाचण्यासाठी असेल, तर हा फरक मला फार मोठा वाटतो.

फेडोरा कोणासाठी योग्य, हेही मला तितक्याच मनापासून सांगायचे आहे. यंत्र अगदी नवे असेल तर ताजे कर्नेल हाच त्याचा मोठा गुण ठरतो, कारण नव्या चिपांचे ड्रायव्हर त्यात आधी पोहोचतात. वेगवेगळ्या पिक्सेल-घनतेचे दोन पडदे एकत्र वापरणाऱ्यांनाही फेडोराच बरे वाटेल. तिथे वेलँड ही चित्रणव्यवस्था २०१६ पासून मुख्य आहे, तर सिनॅमनमध्ये तिचा आधार अजून प्रायोगिक म्हणूनच दिला जातो. ज्यांना प्रोग्रामिंगसाठी ताजी साधने हवीत त्यांनीही तिकडेच पाहावे. शिवाय ज्यांच्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे, आणि इंटेलच्या बहुतेक चिपांचा तो असतो, त्यांच्यापुढे माझा सगळा त्रास कधीच येणार नाही. एका नव्या यंत्रावर मी फेडोरा काही दिवस चालवून पाहिले तेव्हा कशासाठीच थांबावे लागले नाही.

बसवण्याच्या कामात दोघांत फारसे अंतर नाही. मिंटमध्ये बहुमाध्यम कोडेक (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणारे घटक) बसवण्याची चौकट सुरुवातीलाच दिसते आणि ती न विसरता निवडावी. फेडोरात काही प्रकारच्या व्हिडिओंसाठी नंतर आरपीएम फ्यूजनकडेच जावे लागते. विंडोज शेजारी ठेवायचे असेल, तर आधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे आणि चालू असल्यास त्याची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवावी, नाहीतर नंतर विंडोज ती मागत बसते. विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे आणि जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करावी. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय दोन्हींत सहज हाताशी असतो, म्हणून त्या पडद्यावर घाई करू नये. दोन्ही प्रणाली बसल्यावर घड्याळ काही तासांनी चुकलेले दिसले तर घाबरू नये. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज स्थानिक. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला सांगता येते.

माझी विनंती एवढीच की, डिस्कला हात लावण्याआधी दोन्ही डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून प्रत्येकी एक दिवस चालवाव्यात. वाय-फायची नावे दिसतात का, लॅपटॉप मिटून उघडल्यावर तो जागा होतो का, आवाज येतो का आणि पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, हे तपासावे. फेडोरावर वाय-फाय स्वतःहून लागले, तर निवड खरोखर आपल्या आवडीवर आहे. ते लागले नाही तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर मॅनेजर उघडून पाहावा, आणि मिंट बसवल्यावर पहिले अपडेट घेण्याआधी टाइमशिफ्टची पहिली नोंद करून ठेवावी.