शिलाई एक नंबर, पण सनावळी कापली

तीन स्टार देतोय आणि तिन्ही शिलाईचे. दुकानाचं नाव टाकत नाही, काका माणूस चांगलाय, सोलापुरात नवी पेठेकडच्या एका बोळात बाइंडिंग करतात एवढंच सांगतो.

आजोबा पन्नासच्या दशकात सोलापूरहून मुंबईला विल्सन कॉलेजात बी.ए. करायला गेलेले, तिथं असताना कॉलेजचा सगळा इतिहास त्यांनी एका जाड वहीत उतरवून काढलेला, शाईच्या पेनने, आणि सालं बाहेरच्या समासात. पानं सुटायला लागली म्हणून दिली बाइंडिंगला. 'गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) झाला की या' म्हणाले, गेलो तर खरंच तयार. दोऱ्याने शिवलेली, पाठीला कापड, टेबलावर उघडी ठेवली तर आपोआप मिटत नाही, आजकाल कोण करतं एवढं, सगळे नुसता गोंद थापतात. ३५० रुपये, जास्त नाहीत.

घरी येऊन वाचायला घेतली आणि डोकंच फिरलं. मशीनवर कडा मारताना, म्हणजे पानांच्या कडा कापून सरळ करताना, डाव्या पानांचा समास गेला, सोबत प्रत्येक सालातले पहिले दोन आकडे. 'आंब्रोळीत शाळा' आणि पुढं नुसतं '३२'. मला माहितीये की ते १८३२, जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने गिरगावात काढलेली शाळा, तिचंच पुढं कॉलेज झालं, पण माझ्या पोराने १९३२ वाचलं तर त्याची काय चूक? हा बाबा मराठी शिकून शास्त्री लोकांशी मराठीतच वाद घालायचा, बायको मार्गारेटने मुलींसाठी शाळा काढल्या. '३९' ला दोन पारशी पोरं ख्रिस्ती झाली, मुंबईभर गहजब, कोर्टकचेरी, लोकांनी आपापली मुलं शाळेतून काढून नेली.

'४३' चं पान आजोबांचं लाडकं असणार, सगळ्यात जास्त शाई तिथंच. गावचा पाद्री नेमायचा हक्क जमीनदाराचा की चर्चला येणाऱ्या मंडळीचा, यावरून तिकडं स्कॉटलंडात चर्च फुटलं आणि फटका बसला इकडं गिरगावात. विल्सन नव्या फ्री चर्चच्या बाजूने गेले, शाळेची जागा जुन्या चर्चकडे राहिली, परत पहिल्यापासून मांडामांड. खाली आजोबांचा शेरा, 'भाऊबंदकी! घर त्यांना, पोरं यांना.' तोही काठावरच होता, थोडक्यात वाचला.

चौपाटीसमोरची इमारत १८८९ ची, ते साल ओळीतच लिहिलेलं म्हणून शाबूत. विल्सन १८७५ लाच गेलेले, ती इमारत त्यांनी पाहिलीच नाही.

दुकानात नेऊन दाखवलं तर काका म्हणाले, "कडा मारल्याशिवाय वही वही दिसत नाही की ओ मालक." काय बोलणार, मीही आधी सांगितलं नव्हतं. त्यांनीच पेन्सिल दिली आणि मी काउंटरवर उभ्या उभ्या जमेल तिथं बारीक '१८' लिहीत बसलो.

तुम्ही गेलात तर नुसतं काकांना सांगू नका, वहीवर मोठ्या अक्षरात 'कडा मारू नये' अशी चिठ्ठी चिकटवून द्या, कारण मशीनवर काका नसतात, पोरगं असतं आणि त्याच्या कानात हेडफोन.