पानगळीतलं येऊर: एका वखारवाल्याने घेतलेली सकाळची फेरी

पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो मायक्रोफोनसाठी, त्याबद्दल पुढे सांगतो.

ठाण्यातल्या उपवन तलावाच्या वरच्या अंगाला येऊरच्या जंगलात एक छोटा गट रविवारी सकाळी निसर्गफेरी नेतो. माणशी सहाशे रुपये. त्यात प्रवेशशुल्क, पाड्यावरचा वाटाड्या आणि न्याहारी आलं. मार्चच्या सुरुवातीला मी आणि सौ. जाऊन आलो. ठाण्यात आमची लाकडाची वखार आहे, आजोबांनी सुरू केलेली. त्यामुळे पक्ष्यांची यादी हवी असेल तर ती दुसऱ्या कुणाच्या अभिप्रायात मिळेल. मी झाडांबद्दल लिहिणार आहे.

बहुतेक ठाणेकर येऊरला जातात ते जुलै-ऑगस्टमध्ये. हिरवंगार, धुकं, ओढ्यांना पाणी. आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये चल म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘आता काय आहे तिथे, सगळं वाळलंय.’ माझं मत याच्या अगदी उलट आहे. हे पानझडीचं जंगल आहे आणि त्याची खरी ओळख पानं गळल्यावरच होते. पावसाळ्यात सगळी झाडं मिळून एकच हिरवी भिंत दिसते. मार्चमध्ये प्रत्येक झाड स्वतंत्र उभं असतं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत.

साडेसहाला गेटवर जमायचं होतं, पावणेसातला निघालो. बारा जण होतो. वाटाड्या जवळच्याच पाड्यावरचा वारली तरुण. मी वखारवाला असल्याचं कळल्यावर तो मला ‘शेठ’ म्हणायला लागला आणि त्याने पहिलीच सूचना केली, ‘शेठ, पाय उचलून टाका, घासू नका.’ सागाची वाळकी पानं खाली इतकी पसरलेली असतात की बारा माणसं पाय ओढत चालली तर पुढच्या वळणावरचं प्राणीमात्र पळून जातं. नीट चाललात तर तीच पानं तुमच्या कामाला येतात. एक मुंगूस बाजूच्या उतारावरून गेलं, ते दिसायच्या बऱ्याच आधी ऐकू आलं.

साग, ऐन, हेद, कळंब, बोंडारा. यांतल्या बऱ्याच नावांशी माझी ओळख फळीतून झालेली. ऐनाची फळी चॉकलेटी, वजनाला भारी, खिळा सहजी घेत नाही. हेदाचं लाकूड पिवळं, गुळगुळीत, कातकामाला उत्तम. पण उभा ऐन ओळखायचा तो सालीवरून. करड्या-काळ्या सालीला उभ्या-आडव्या खोल भेगा पडून चौकोनी खवले झालेले असतात, मगरीच्या पाठीचे असावेत तसे. वाटाड्याने माझा हात धरून एका भेगेत बोट घालायला लावलं, बोटाचं पेर जवळजवळ आत गेलं. पावसाळ्यात हाच बुंधा शेवाळ आणि वेलींनी झाकलेला असतो आणि माणूस शेजारून निघून जातो.

कांडोळ मात्र कुणाला दाखवावा लागत नाही. पांढरट, गुळगुळीत खोड, कागदासारखे सुटणारे पापुद्रे, एक पान नाही. त्याच्या लाकडाला आमच्या धंद्यात किंमत नाही, पण डिंकाला आहे. उतारावर एका रांगेत चार-पाच कांडोळ उभे होते आणि सकाळचं ऊन तिरपं त्यांच्यावर पडलं होतं. सौ. तिथून हलायला तयार नव्हती.

आता ज्याच्यासाठी मी हा अभिप्राय लिहायला घेतला ते. वाटेत वादळात पडलेला एक साग होता. वाट मोकळी करायला तो मध्ये कापून बाजूला सारला होता, त्यामुळे छेद स्वच्छ दिसत होता. मी खाली बसलो, थोडं पाणी ओतून धूळ पुसली. ओल्या छेदावर वलयं उठून दिसतात. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांची एक ओळ, मग घट्ट, बारीक छिद्रांचं लाकूड, मग पुन्हा ती ओळ. नव्या पालवीच्या आणि पहिल्या पावसाच्या दिवसांत झाडाची वाढ एकदम सुरू होते, पाणी वर न्यायला रुंद नळ्या लागतात. ती ही ओळ. पाऊस ओसरत जातो तशा नळ्या बारीक होतात. मग पाणी संपतं, पानं गळतात, वाढ थांबते. पानं असतील तर त्यांतून पाणी उडत राहतं, म्हणून साग ती टाकून देतो आणि थांबतो. त्या थांबण्याची रेघ म्हणजे वलयाची कड.

गिऱ्हाईक वखारीत येऊन सागाच्या फळीवरून हात फिरवतं आणि ‘रेघा काय सुंदर आहेत’ म्हणतं, त्या रेघा याच. पानगळ नसती तर त्या उमटल्या नसत्या. आंबा-फणसासारख्या बारमाही हिरव्या झाडांच्या लाकडात वलयं इतकी ठळक नसतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात ठाणे परिसरातल्याच सागाच्या वलयांवरून इथल्या हवामानाचा अभ्यास केला होता. आपल्या डोंगरावरच्या झाडांत पावसाची वही लिहिलेली आहे, हे ठाण्यातल्या शाळांतून मुलांना दाखवायला हवं. मी त्या छेदावर पन्नाशीच्या पुढे वलयं मोजली, मध्ये तीन एकमेकांना चिकटलेली अगदी अरुंद होती. गट पुढे गेला होता, वाटाड्या माझ्यासाठी थांबला. त्याने घाई केली नाही, याचे वेगळे गुण द्यायला हवेत.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही इंग्लंडात लेकीकडे होतो, हर्टफर्डशरमध्ये. गावाबाहेर शेतांच्या मधोमध एक छोटं जंगल होतं, अर्ध्या तासात फेरी होईल एवढं. ओक, अ‍ॅश, हॉर्नबीम, सगळी पानझडीचीच झाडं. जावई म्हणाले, ‘बाबा, इथे १६०० सालापासून सलग जंगल असलेल्या जागेला प्राचीन वनभूमीचा दर्जा देतात, ही तसली आहे.’ ओकची पालवी अजून कोवळी होती आणि खाली जमीनभर निळी ब्लूबेल फुलली होती. वरची पानं दाट होऊन ऊन अडवायच्या आत ही फुलं आपलं वर्षाचं काम उरकून घेतात. वाटेवर पाटी होती, पायवाट सोडू नका. ब्लूबेलची पानं तुडवली गेली की ती अन्न तयार करू शकत नाहीत आणि तो पट्टा सावरायला वर्षं जातात. लोक खरंच पायवाट सोडत नव्हते, लहान मुलंसुद्धा. रानातले कंद उपटण्यावर तिथे १९८१चा कायदा आहे.

ओक आणि अ‍ॅश यांच्या लाकडातही सागासारखीच मोठ्या छिद्रांची ओळ असते. तिथे झाड थांबतं ते थंडीने आणि आखूड दिवसांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. इथे थांबतं ते पाण्यावाचून. कारण वेगळं, पण लाकडात खूण तशीच. तिथल्या अ‍ॅशला मात्र बुरशीचा रोग लागलाय, २०१२ साली तो ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आढळला. ऐन मे महिन्यात शेंडे वाळलेली मोठमोठी झाडं पाहिली आणि फार वाईट वाटलं. हत्यारांच्या दांड्यांना त्याच्या तोडीचं लाकूड कमी. आणखी एक गोष्ट आवडली: हेझलची झुडपं बुंध्याशी छाटतात, मग त्याच खोडातून दहा-बारा सरळ फोक येतात, काही वर्षांनी पुन्हा छाटतात आणि त्यांची कुंपणं विणतात. झाड मरत नाही, उलट जास्त जगतं. लाकूड वापरणं आणि जंगल राखणं या दोन गोष्टी तिथे शेकडो वर्षं एकाच जागी चालत आल्यात.

तिथे फुलं जमिनीवर, इथे डोक्यावर. येऊरला मार्चमध्ये पळस आणि पांगारा पान नसलेल्या फांद्यांवर फुलतात, काटेसावर संपत आलेली असते. पळसावर बुलबुल, मैना, शिंजीर, खारी, सगळ्यांची गर्दी. कुसुमाच्या झाडाला नवी पालवी लालभडक येते, लांबून फुलंच वाटतात. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी तिचेच फोटो काढले, मग वाटाड्याने एक फांदी खाली वाकवून पान दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले. मोहाची फुलं गळायला नुकती सुरुवात झाली होती. एक आजी टोपली घेऊन वेचत होत्या. त्यांचे फोटो काढू नका असं वाटाड्याने आधीच बजावलं होतं, ते फार योग्य केलं.

एका निष्पर्ण फांदीवर मातकट, ओबडधोबड गोळा दिसला. काळ्या मुंग्यांचं झाडावरचं घर. तांबूस सुतार पक्षी याच घराला भोक पाडून आत अंडी घालतो, मुंग्या आत असतानाच. त्या दिवशी पक्षी दिसला नाही, भोक दिसलं. पानं असती तर तेही दिसलं नसतं.

पानगळीला एक धोका असतो, वणव्याचा. वाटेत ठिकठिकाणी जाळरेषा काढलेल्या होत्या, म्हणजे वाळकं गवत-पानं साफ केलेले पट्टे, आग पसरू नये म्हणून. या जंगलातल्या आगी माणसाच्या हातूनच लागतात. काडेपेटी, लायटर, सिगारेट घेऊन कुणी येऊ नये. आमच्या गटात निघण्यापूर्वी सगळ्यांना खिसे रिकामे करायला सांगितलं, दोघांचे लायटर काढून ठेवले. आयोजकांना याबद्दल पूर्ण गुण.

आता मायक्रोफोन. गटाच्या म्होरक्याने कमरेला छोटा स्पीकर लावला होता आणि प्रत्येक झाडापाशी तो त्यातून बोलत होता. माहिती चांगली होती, आवाज नको होता. वाटाड्या हलक्या आवाजात बोलला की सगळे जवळ येऊन ऐकत होते, म्हणजे बारा जणांना यंत्राची गरज नाही. निघताना मी त्यांना तसं सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. परतताना अकराच्या सुमारास रस्त्याकडेच्या एका बंगल्यातून गाणी मोठ्याने लागलेली ऐकू आली तेव्हा जास्तच राग आला. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही पूर्व बाजू आहे, भोवतालचा पट्टा २०१६ साली पर्यावरण-संवेदनशील म्हणून जाहीर झालाय. इथे सुट्टी घालवायला येणाऱ्याने एवढं तरी पाळावं.

न्याहारी पाड्यावर, एका घराच्या पडवीत. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, लसणाची लाल चटणी, कांदा, आणि गुळाचा चहा. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. सौ.ने चटणीचं विचारलं तर त्या माऊलीने पाट्यावर वाटून दाखवली. शहरात याच्या दुप्पट पैशात असं जेवण मिळणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ठाणे स्टेशनवरून येऊरला परिवहनची बस आहे. पण इतक्या लवकर रिक्षा बरी पडते. स्वतःची गाडी खाली उपवनलाच लावा. पाणी दीड लिटर तरी माणशी घ्या, स्टीलच्या बाटलीत. बूट घाला, वाळक्या पानांवर चप्पल उतारावर घसरते. गुडघ्यांचा त्रास असेल तर शेवटचा चढ टाळता येतो, आधी सांगून ठेवा, वाटाड्या दुसऱ्या वाटेने नेतो. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धे पैसे आहेत. माझं सांगणं असं की मुलांना न्यावंच, आणि त्या कापलेल्या सागापाशी बसवून वलयं मोजायला लावावीत. आपल्या जन्मवर्षाचं वलय सापडलं की मूल झाडाला विसरत नाही.

पुढची फेरी आम्ही एप्रिलच्या शेवटच्या रविवारची घेतली आहे. तोपर्यंत कुसुम हिरवा झालेला असेल, बहावा फुलू लागलेला असेल आणि साग अजून थांबलेलाच असेल. स्पीकर नसेल असं त्यांनी फोनवर कबूल केलंय. तो खरंच नसला तर उरलेला गुणही देईन.