जुन्या इंग्लिश विटांच्या घरासाठी तयार चुना: घ्यावा का?

इंग्लंडच्या खेड्यात अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं विटांचं घर घेतलं असेल, तर विटांमधल्या दरजा (सांधे) भरायला सिमेंट नको. बादलीत मिळणारा, मुरवलेला चुना आणि खरखरीत वाळू (साधारण १:३) यांचा तयार माल घ्या. आमचं मत: पैसे वसूल.

कारण सोपं आहे. त्या विटा मऊ, पाणी पिणाऱ्या. चुन्याच्या दरजेतून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं. मग ओल विटेतूनच निघते, थंडीत गोठून फुगते आणि विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. अशी भिंत जवळून पाहा: सिमेंटची दरज कडक उभी आणि वीट तिच्या मागे खोल गेलेली.

जुनी दरज छन्नीने, हलक्या हाताने, रुंदीच्या दुप्पट, निदान २०-२५ मिमी खोल काढा. ग्राइंडर नकोच, फ्लेमिश बाँड या रचनेत प्रत्येक थरात एक आडवी (लांब बाजू बाहेर), एक तोंडाची (आखूड बाजू बाहेर) वीट असल्याने उभ्या दरजा जास्त आणि आखूड, चाक हमखास विटेत घुसतं. धूळ काढून भिंत ओली करा. बादलीतला माल पाणी न घालता घोटा, मऊ होतो. दाबून भरा, थोडा आवळला की ताठ ब्रशने ठोका. मग आठवडाभर ओलं गोणपाट. घाईने वाळला तर भुकटी होते.

मोठी उणीव: ५ अंशांखाली काम बंद. धुरांड्यासाठीही हा नको, तिथे पाण्यातही घट्ट होणारा एनएचएल ३.५ (नॅचरल हायड्रॉलिक लाइम) चुना वापरा.