हर्णै ते दापोली: कुबड्या घेऊन एसटी की वडाप?

घरात कुणी काठीवर किंवा कुबड्यांवर चालणारं असलं की लोक विचारतात, "त्यांना चारचौघांच्या गाडीतून जमेल का?" जमतं. माझा उजवा पाय पोलिओने गेलेला. सात वर्षं रोज हर्णैहून दापोलीला एका दुकानात हिशेब लिहायला जातो. स्वतंत्र रिक्षा केली तर पगार तिच्यातच संपेल. उरतात एसटी आणि वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी. दोन्हींतून भरपूर फिरलोय, म्हणून सांगतो.

आधी वडाप, कारण तिचे उपकार आहेत. २०२१च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. तेवढे महिने आम्हाला वडापनेच पोचवलं. हात केला की थांबते, पायरी बुटकी, घराच्या वळणावर सोडते. बंदरावरच्या बायकांच्या मासळीच्या ओल्या पाट्याही कुरकुर न करता घेते. भरल्याशिवाय सुटत नाही हे खरं, पण त्याची सवय होते.

सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. आत गुडघ्याला गुडघा लागतो, कुबड्या ठेवायला जागा नसते. ड्रायव्हर सरळ त्या घेतो आणि टपावर सामानात बांधतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण एकदा जुलैत दापोलीला उतरलो, तेव्हा वरच्या दोरीची गाठ पावसाने आवळलेली. पाट्या, पोती खाली येईपर्यंत मी दार धरून एका पायावर भिजत उभा. शेवटी कुबड्या आल्या त्या मासळीच्या पाण्याने बरबटलेल्या. दिवसभर दुकानात त्यांचा वास येत होता आणि मला मान वर करवत नव्हती. कुबडी म्हणजे सामान नव्हे हो, तो माझा पाय आहे.

एसटीची पहिली पायरी उंच, हे मान्य. आधी कुबड्या वर द्यायच्या, मग दांड्याला धरून स्वतःला ओढून घ्यायचं. पण वर गेलं की त्या परत हातात येतात आणि खिडकीशी उभ्या राहतात. राखीव सीटवर कुणी बसलेलं असलं तर सांगितल्यावर उठतं, निदान माझ्या वाट्याला तरी असंच आलंय. तिकिटात आम्हाला ७५ टक्के सवलत आहे. जानेवारी २०२५मध्ये भाडं १५ टक्क्यांच्या आसपास वाढलं, तेव्हापासून तिची किंमत जास्तच कळते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास फुकट, बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट. आमच्या वाडीतल्या ज्या म्हाताऱ्या पूर्वी वडापला हात करायच्या, त्या आता एसटीसाठी तासभरही थांबतात.

तुमच्याकडे पाट्या असतील, किंवा शेवटच्या एसटीनंतर परतायचं असेल, तर वडापला पर्याय नाही. एरवी, विशेषतः कुबड्या किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) असेल, तर मला वाटतं एसटीच धरावी. सवलतीचं कार्ड तेवढं आधी करून घ्या.

शनिवारी दुकान उशिरा बंद होतं, तेव्हा मीही वडापनेच येतो. पण पुढे, ड्रायव्हरशेजारीच बसतो, कुबड्या मांडीवर आडव्या धरून. ती जागा रिकामी नसेल तर ती गाडी सोडतो.