ट्रॉम्सोचा सूर्योदय

नॉर्वेच्या सहलीपायी बुडालेले ८ लाख ६१ हजार रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "पण गेले किती?" हे मनात घोळत राहणार नाही. जॅकेटांचे २४ हजार वेगळे.

मी ३१ वर्षं डोंबिवलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवला. कललेला आस, आर्क्टिक वृत्त, सहा महिन्यांची रात्र, सगळं फळ्यावर काढून. ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ऑरोरा, पुस्तकात चार ओळींत उरकतो, मी त्यावर अख्खा तास घ्यायचे. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात, १० तारखेच्या रात्री लडाखमधल्या हानलेच्या आकाशातली ह्याच प्रकाशाची लाली वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी टिपली, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. सूर्याचं ११ वर्षांचं चक्र शिखराला आलेलं, म्हणजे ऑरोरा जास्त दिसायचा काळ. हे म्हणाले, "पुढच्या शिखराला मी ७७ चा असेन. गुडघे विचारून ठरवायचं का?"

जायचं तर नॉर्वेच्या किनारी बोटीनेच, हे माझं पूर्वीपासून ठरलेलं. १८९३ साली टपाल आणि माल न्यायला सुरू झालेला हा मार्ग, हुर्टिगरुटेन. बर्गनहून निघून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत ३४ बंदरं घेते ही बोट. मध्यरात्री एखाद्या चिमुकल्या धक्क्याला लागते, चार खोकी उतरवते, दोन माणसं घेते आणि पुढे निघते. क्रूझचा झगमगाट मला नकोच होता. शिवाय हिशेब सरळ होता: एका गावी ढग असले तर तिथे अडकून पडायचं नाही, रात्रीत बोट पुढच्या आकाशाखाली गेलेली असते, आणि समुद्रात गावाचे दिवेही आड येत नाहीत.

एजंट अनोळखी नव्हता, हे मुद्दाम सांगते. माझ्या ताईची केरळची सहल ह्याच मुलाने चोख केली होती. स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर ऑफिस, भिंतीवर हिरव्या आकाशाचा फोटो, टेबलावर गणपती. आम्हाला काका-काकू म्हणायचा, चहा न घेता उठू द्यायचा नाही. "काकू, ऑरोरा गॅरंटी आहे. नाही दिसला तर दुसरी ट्रिप फुकट, बोटवालेच देतात." ह्यात अर्धं खरं होतं, आणि तेच घातक. असं वचन तिकडे दिलं जातं, पण ते जाऊन-येऊन १२ दिवसांच्या सफरीला. शिवाय मिळते ती बोटीची सफर, विमानभाडं आपलंच. आमची सफर ७ दिवसांची, एकाच बाजूची. अटी वाचायला मागितल्या तर म्हणाला, "पाठवतो व्हॉट्सअ‍ॅपवर." आल्या नाहीत. मीही पुन्हा मागितल्या नाहीत.

दोघांचे मिळून ८ लाख २० हजार. जूनमध्ये २ लाख, उरलेले सप्टेंबरमध्ये, वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून घेऊन आपल्या नावे सरकारात भरायचा कर, म्हणून ४१ हजार. "हे रिटर्न भरल्यावर तुम्हाला परतच मिळणार, काका." कार्डाने भरतो म्हटलं तर अडीच टक्के जास्त सांगितले, म्हणून ह्यांनी आरटीजीएस केलं. वीस हजार वाचवले. कार्डाने भरले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे हरकत तरी घेता आली असती.

त्याने दिलेला बोटीचा बुकिंग नंबर खोटा नव्हता. सप्टेंबरात आमच्या भाचीने बोटीच्या वेबसाइटवर घालून पाहिला, तर आमची नावं, केबिन, २ जानेवारी २०२५, सगळं दिसलं. विमान कंपनीच्या साइटवर पीएनआरही जिवंत. नोव्हेंबरात शेंगेन व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर बसला, तेव्हा तर मी शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना पेढे वाटले. कशी शंका येणार?

मग डिसेंबर उजाडला. ह्यांनी आपला २६एएस, म्हणजे आपल्या नावे किती कर जमा झाला ते दाखवणारा आयकर खात्याचा उतारा, काढला. बँकेच्या व्याजावरचा टीडीएस होता, टीसीएस शून्य. माझाही शून्य. सप्टेंबरात घेतलेल्या पैशांचं विवरण एजंटने १५ ऑक्टोबरपर्यंत भरायला हवं होतं. फोन केला, तर "काका, सिस्टीम अपडेट व्हायला वेळ लागतो." हे निवृत्त अकाउंटंट. त्यांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच ते बिल चष्मा लावून वाचलं. वर ठळक अक्षरांत प्रायव्हेट लिमिटेड. खाली जीएसटी नंबर: सुरुवातीचा २७ महाराष्ट्राचा, पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर कंपनी असेल तर 'सी' असतं. इथे 'पी', म्हणजे एक माणूस. कंपनी नव्हतीच.

मी त्याच रात्री बोटीच्या कार्यालयाला मेल केली. तिसऱ्या दिवशी सभ्य, चार ओळींचं उत्तर आलं: आमच्या नावाचं बुकिंग आगाऊ रक्कम भरून झालं होतं, उरलेली रक्कम मुदतीत न आल्याने ते ११ ऑक्टोबरला रद्द झालं. विमानाचंही तेच. पीएनआर सहा अक्षरांचा असतो, ते नुसतं जागा धरून ठेवणं. पैसे भरले की तेरा आकडी तिकीट नंबर येतो. आमच्या कागदावर तो कुठेच नव्हता, आणि असा नंबर असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. थोडक्यात, पोराने आमच्यातलेच थोडे पैसे भरून खरं बुकिंग केलं, आम्हाला बघू दिलं, व्हिसासाठी वापरलं आणि मरू दिलं.

ऑफिसला गेलो तर शटर खाली. फटीत कुरिअरच्या तीन चिठ्ठ्या, शटरच्या कुलपाला वाळलेला दसऱ्याचा हार. शेजारचा टेलर मशीन न थांबवता म्हणाला, "तुम्ही आज चौथे."

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. घरी येऊन त्याने दिलेला दिवसवार कार्यक्रम पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी 'गायरांगर फियोर्डची सैर'. ही बोट तिथे उन्हाळ्यात जाते, जानेवारीत नाही. पाचव्या दिवशी, ६ जानेवारी: 'ट्रॉम्सो येथे सूर्योदय फोटोग्राफी.' ट्रॉम्सो जवळपास ७० अंश उत्तरेला. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. आला तरी आडव्या डोंगरांमुळे गावात २१ जानेवारीच्या सुमारास दिसतो, आणि त्या दिवशी लोक गोड बन खाऊन सण करतात. हे मी मुलांना गोष्ट म्हणून सांगायचे! उन्हाळ्याचा कार्यक्रम तारखा बदलून चिकटवला होता, आणि तो कागद सहा महिने माझ्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. आकाशाचे अंदाज मी रोज बघत होते, केपी, म्हणजे ऑरोराच्या जोराचा आकडा, किती, ढग किती. त्या कागदाकडे मात्र एकदाही शिक्षिकेच्या नजरेने पाहिलं नाही.

जॅकेटंही तशीच. "उणे ३० ची लागतात, काकू," म्हणून प्रत्येकी १२ हजारांची त्याच्याकडूनच घेतली. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे त्या किनाऱ्यावरची बंदरं गोठत नाहीत, ट्रॉम्सोत जानेवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न आहे हा.

पोलीस ठाण्यात आधी "हा दिवाणी मामला आहे" ऐकून परत आलो. टेलरकडे नाव-नंबर ठेवून गेलेल्यांना फोन लावले, नऊ कुटुंबं जमली. एकत्र गेलो तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण ती पैसे गेल्या गेल्या करायची असते. तीन महिन्यांनी खात्यात काय असणार? मध्यंतरी त्याच्या भावाने २ लाखांचा चेक दिला, तो परत आला. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. वकिलाने २६व्या दिवशी दिली, आम्ही तोवर भावाच्या "पुढच्या सोमवारी"वर थांबलो होतो. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार आहे. १० लाखांच्या आत असल्याने फी फक्त २०० रुपये, आणि वकील न देताही बाजू मांडता येते. तारखा पडताहेत. हातात अजून एक रुपया नाही.

ताई अजून माझ्याशी बोलताना चाचरते, नंबर तिनेच दिला म्हणून. तिला सांगून थकले की चूक तिची नाही.

एप्रिलमध्ये सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नवं पत्रक लागलं. नाव दुसरं, पत्ता कल्याणचा. जानेवारीत नॉर्दर्न लाइट्स, 'गायरांगर फियोर्डसह'. तोच माणूस असेलच असं नाही, कार्यक्रम एकमेकांचे चोरतात हे लोक. तरी मी फोन लावला. एका मुलीने उचलला, गोड बोलत होती.

विचारलं, "ट्रॉम्सोला सूर्योदय किती वाजता दाखवता?"

"साडेसहाला मॅडम," ती म्हणाली, "ब्रेकफास्टच्या आधी."